माप घेऊन लावलेली भाजी

कपडे डिझाइन करणारा एक माणूस लॉस एंजलिसच्या रस्त्याकडेला भाजी लावतो. त्याच्यावर वॉरंट निघतं. मग शहराचा नियमच बदलतो. रॉन फिन्ली यांची ही गोष्ट डिझाइन शिकणाऱ्यांनी वाचावी अशी आहेच, पण हॉस्टेलच्या मेसमधला पडवळ बघून नाक मुरडणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही.

लॉस एंजलिसमध्ये बऱ्याच गल्ल्यांत फुटपाथ आणि रस्ता यांच्या मध्ये मातीची एक पट्टी असते. तिकडे तिला पार्कवे म्हणतात. पट्टी शहराच्या ताब्यातली, पण तिची निगा राखायची ती समोरच्या घरात राहणाऱ्यानं. म्हणजे गवत माजलं, कचरा साचला तर बोलणी तुम्ही खायची, आणि तिथे आपल्या मनानं काही करायला गेलात तर परवानगी कुठे आहे, असं विचारणार. आपल्या सोसायटीतल्या कॉमन पॅसेजसारखंच म्हणा ना. झाडायचा आपण, पण चपलांचं कपाट ठेवलं की सेक्रेटरींची चिठ्ठी दारात.

२०१० मध्ये शहराच्या साउथ सेंट्रल भागात रॉन फिन्ली यांनी आपल्या घरासमोरची ही पट्टी खणली. लांबी सुमारे दीडशे फूट, रुंदी दहा फूट. तिथे त्यांनी फळझाडं लावली, भाज्या लावल्या, सूर्यफुलं लावली. कोणीतरी तक्रार केली. शहराकडून नोटीस आली की हे सगळं काढा. फिन्लींनी काही काढलं नाही, तेव्हा त्या नोटिशीचं वॉरंट झालं. त्या पट्टीत इतकी वर्षं जुन्या गाद्या आणि मोडक्या वस्तू पडलेल्या असायच्या तेव्हा कोणाला त्रास झाला नव्हता. टोमॅटो दिसल्यावर मात्र झाला.

पुढे 'लॉस एंजलिस टाइम्स'मध्ये हे प्रकरण छापून आलं, ऑनलाइन याचिकेवर नऊशेच्या आसपास सह्या जमल्या, नगरसेवकाचा फोन आला आणि कारवाई थांबली. काही वर्षांत शहरानं नियमही बदलला. आता अशा पट्टीत भाजीपाला लावायला तिथल्या रहिवाशांना शेकडो डॉलर भरून परवाना काढावा लागत नाही. मधल्या काळात, २०१३ मध्ये फिन्लींनी टेडच्या मंचावर दहा-अकरा मिनिटांचं भाषण केलं आणि ते लाखो लोकांनी बघितलं. 'गँगस्टा गार्डनर' हे नाव तेव्हापासून त्यांना चिकटलं. हातात फावडं घेतलेला गँगस्टर, अशी त्यांची स्वतःची व्याख्या.

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही एखाद्या रीलमध्ये बघितलीही असेल. रीलमधून हमखास गळणारा भाग असा, की हा माणूस शेतकरी नव्हता, पर्यावरणाचा अभ्यासकही नव्हता. तो कपड्यांचा डिझायनर होता.

कपड्याकडून मातीकडे

फिन्ली साउथ सेंट्रलमध्येच लहानाचे मोठे झाले. घरच्या गॅरेजमधून त्यांनी कपड्यांचं काम सुरू केलं, 'ड्रॉपडेड कलेक्शन' नावाचं स्वतःचं लेबल काढलं. त्यांचे कपडे अमेरिकेतल्या बड्या डिपार्टमेंट स्टोअर्समध्ये विकले गेले, टीव्हीवरच्या आणि खेळातल्या नामवंतांनी घातले. २००८ च्या मंदीत हा धंदा चांगलाच बसला. हाताशी वेळ आला, तेव्हा त्यांनी शहरातल्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये बागकामाचा एक वर्ग केला. तो शिकवणाऱ्या फ्लोरेन्स निशिदा आणि आणखी काही जणांबरोबर त्यांनी 'एलए ग्रीन ग्राउंड्स' हा स्वयंसेवकांचा गट उभा केला. घरासमोरच्या पट्टीतली बाग याच गटाच्या सुरुवातीच्या कामांपैकी.

भाषणात ते सांगतात की बाग ही माझी ग्राफिटी आहे, माती म्हणजे माझं कापड आणि झाडं म्हणजे त्यावरचं नक्षीकाम. टाळ्या घेणारं वाक्य आहे, मान्य. पण मला ते कापडाच्या पुढेही खरं वाटतं. शिंपी आधी काय करतो? टेप काढतो. समोरचा माणूस उभा कसा राहतो, एक खांदा उतरलेला आहे का, पोट किती, हात वर केल्यावर शर्ट कुठे ओढला जातो, हे बघतो. रेडीमेड शर्ट सरासरी माणसासाठी शिवलेला असतो, आणि सरासरी माणूस दुकानात कधीच येत नाही.

'ह्युमन सेंटर्ड डिझाइन' या नावाखाली कॉलेजात जे शिकवतात, त्यातला बराचसा ऐवज हाच. रंगीबेरंगी स्टिकी नोट्स, भिंतभर बाणांच्या आकृत्या, 'एम्पथी मॅप' वगैरे सगळं नंतर. आधी टेप. आपल्याकडे याचा एक जुना आणि सुंदर नमुना आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझायनर जोडपं इथे फिरलं आणि १९५८ मध्ये त्यांनी एक छोटा अहवाल दिला. त्याच्याच पाठबळावर १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी उभी राहिली. अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं ते तांब्याचं, म्हणजे आपल्या लोट्याचं. तो कोणी एकानं डिझाइन केलेला नाही. पाणी किती मावेल, तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर, बाईच्या हातात कसा बसेल, मुलाच्या हातात कसा, आत हात घालून घासता येईल का, ओतताना धार कशी पडेल, असे प्रश्न पिढ्यान्पिढ्या विचारले गेले आणि त्यातून तो घडला. ईम्स जोडप्यानं या प्रश्नांची यादीच करून दाखवली. डिझाइनच्या पहिल्या वर्षाला असाल आणि अजून ती वाचली नसेल तर आज रात्री वाचा, लहानशीच आहे.

फिन्लींनी आपल्या वस्तीत असंच बघायला सुरुवात केली. त्यांना दिसलं ते असं: दारूची दुकानं, फास्ट फूड, मोकळे प्लॉट. जुन्या गाड्या विकाव्यात तशा विकल्या जाणाऱ्या व्हीलचेअर. कॉफी शॉप उघडावीत तशी उघडणारी डायलिसिस सेंटर्स. आणि फवारणी न केलेलं एक साधं सफरचंद हवं असेल तर गाडीनं जाऊन-येऊन पाऊण तास. अशा भागांना तिकडे 'फूड डेझर्ट' म्हणायची पद्धत आहे, अन्नाचं वाळवंट. फिन्लींना तो शब्द पटत नाही, ते 'फूड प्रिझन' म्हणतात. वाळवंट निसर्गतः असतं, तुरुंग मात्र कोणीतरी बांधावा लागतो.

आता अशा प्रश्नाला सरकारी उत्तर काय असतं? नियम. २००८ मध्ये लॉस एंजलिसनं दक्षिण भागात नवी स्वतंत्र फास्ट फूड दुकानं उघडायला मनाई केली. हेतू स्वच्छ होता. २०१५ मध्ये रँड या संशोधन संस्थेनं त्याचा परिणाम तपासला, तर त्या भागातला लठ्ठपणा कमी झालेला नव्हता, उलट वाढतच होता. आश्चर्य नाही. आधीची दुकानं तिथेच होती, बंदीत सगळ्या प्रकारची दुकानं येत नव्हती, आणि बर्गर मिळाला नाही म्हणून कोणी उठून पालक शिजवायला घेत नाही. पालक माहीत हवा. तो जवळ हवा, परवडायला हवा, आणि खावासा वाटायला हवा. शेवटची गोष्ट कुठल्याच नियमात लिहिता येत नाही.

मुलांनी स्वतः केल लावला तर मुलं केल खातात, टोमॅटो लावला तर टोमॅटो खातात, असं फिन्ली सांगतात. केल ही आपल्याकडच्या कोबीच्या कुळातली एक पालेभाजी, चव जरा कडवट. ती खायला लावणं म्हणजे आपल्या घरी कारलं खायला लावण्याइतकंच कठीण काम. घराच्या गच्चीवर कुंडीत एक वांगं आलं तर त्याचे बावीस फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकणारे लोक आपल्याही घरात असतात. त्याच वांग्याची भाजी त्या दिवशी कोणी टाकत नाही.

कुंपण नसलेली बाग

फिन्लींच्या कामातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा निर्णय दिसायला अगदी किरकोळ आहे. त्यांच्या पट्टीला कुंपण नव्हतं.

भाषणात ते एक प्रसंग सांगतात. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. एक आई आणि तिची मुलगी त्यांच्या बागेत भाजी तोडत होत्या. फिन्ली बाहेर आले, तर दोघींचे चेहरे एकदम ओशाळले. त्यांना बघून फिन्लींनाच वाईट वाटलं. असं चोरून यायची गरज नाही, मी हे मुद्दाम रस्त्यावर लावलं आहे, असं त्यांनी त्यांना सांगितलं. आपल्या इतक्या जवळ इतके भुकेले लोक राहतात याची त्यांना लाज वाटली, असं ते म्हणतात. लोक भाजी चोरतील अशी भीती नाही का वाटत, असं लोक त्यांना विचारतात. त्यावर त्यांचं उत्तर असं की चोरीची भीती कसली, ती रस्त्यावर लावली ती त्यासाठीच.

ऐकायला सोपं वाटतं, पण हेच डिझाइन आहे. मोफत धान्य वाटायचं म्हटलं की आपण आधी टेबल मांडतो, रजिस्टर ठेवतो, आधार कार्डाची झेरॉक्स मागतो, बरोबर फोटोही काढतो. घेणाऱ्याला रांगेत उभं राहून आपण गरजू आहोत हे चारचौघांत सांगावं लागतं. रस्त्याकडेच्या झाडावरचं फळ तोडायला काहीच सिद्ध करावं लागत नाही. ऑफिसातून परत येणारा तोडेल, शाळकरी पोर तोडेल, भूक लागलेली बाईही तोडेल, आणि बघणाऱ्याला तिघांतला फरक कळणार नाही. तरीही त्या आई-मुलीला रात्र व्हायची वाट बघावीशी वाटली, हे मात्र विसरू नये. कुंपण काढलं म्हणून माणसाच्या मनातला संकोच लगेच जात नाही. त्यासाठी फिन्लींना बाहेर येऊन बोलावं लागलं. चांगली रचना माणसाचं अर्धं काम करते, उरलेलं अर्धं शेजाऱ्यानं करायचं असतं.

(आपल्याकडे उलट चित्र आहे. पहाटे प्लॅस्टिकची पिशवी घेऊन दुसऱ्याच्या कंपाउंडमधली जास्वंद तोडणारे काका-काकू अजिबात ओशाळत नाहीत. देवासाठी नेतोय म्हटलं की विषय संपला.)

'एलए ग्रीन ग्राउंड्स'चं कामही याच वळणाचं. शनिवार-रविवारी एखाद्या घरासमोर पंधरा-वीस, कधी पन्नास माणसं जमायची आणि एका दिवसात लॉन उखडून भाजीचे वाफे उभे करायची. पैसे नाहीत, सगळं स्वयंसेवी. भाषण झालं तोवर अशा वीसेक बागा झाल्या होत्या. आकडा लहान आहे, पण प्रत्येक बाग कोणाच्या तरी घरासमोर आहे आणि ती कोणासाठी आहे हे माहीत आहे.

डिझायनर मंडळींनी याआधीही लॉनवर हल्ला केला होता. फ्रिट्झ हेग या अमेरिकी आर्किटेक्टनं ४ जुलै २००५ ला, म्हणजे नेमका अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त धरून, कॅन्सस राज्यातल्या सलाइना गावी एका घरासमोरची हिरवळ काढून तिथे खाण्याजोग्या वनस्पती लावल्या. 'एडिबल इस्टेट्स' हे त्या प्रकल्पाचं नाव. २००७ मध्ये त्यांनी लंडनच्या सदर्क भागात, टेट मॉडर्न या कलासंग्रहालयासाठी, सरकारी वसाहतीसमोरच्या एका तिकोनी हिरवळीची अशीच बाग केली. हेग यांचं काम देखणं आहे, त्यावर पुस्तक आहे, प्रदर्शनं झाली. पण ते पाहताना मन आधी कल्पनेकडे जातं आणि मग माणसाकडे. फिन्लींच्या पट्टीत उलट होतं. तिथे बघणारा आधी विचारतो, हे कोण तोडून नेतं?

जमीन कोणाची?

गोड गोष्ट इथे संपवता आली असती. पण कोणत्याही सामुदायिक बागेच्या बाबतीत एक प्रश्न आज ना उद्या दारात येऊन उभा राहतोच, आणि साउथ एलएमध्ये तो फिन्लींच्या आधी येऊन गेला होता.

त्याच भागात चौदा एकरांची 'साउथ सेंट्रल फार्म' नावाची बाग होती. १९८० च्या दशकात शहरानं ती जागा कचरा जाळण्याच्या भट्टीसाठी ताब्यात घेतली होती. वस्तीतल्या बायांनी पुढाकार घेऊन विरोध केला, भट्टी रद्द झाली. १९९२ च्या दंगलींनंतर ती जागा एका फूड बँकेच्या मदतीनं वस्तीतल्या लोकांना भाजी लावायला मिळाली. साडेतीनशेच्या आसपास कुटुंबं, बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली, तिथे मका, खाण्याचा निवडुंग, मिरच्या, औषधी पाला पिकवायची. गावाकडून आणलेलं बी इथे रुजायचं. आजी नातवाला पाल्याची नावं सांगायची. त्या बागेत जे चालायचं त्याला ह्युमन सेंटर्ड डिझाइन हे नाव कोणी दिलं नव्हतं, पण पन्नास प्रोजेक्ट्समध्ये सापडणार नाही इतकं ते तिथे होतं.

२००३ मध्ये शहरानं ती जागा आधीच्या मालकाला परत विकली. कोर्टकचेऱ्या झाल्या, निधी उभा करायचे प्रयत्न झाले, सिनेमातली माणसं झाडावर चढून बसली. जून २००६ मध्ये पोलीस आले, लोकांना बाहेर काढलं आणि बुलडोझर फिरला. पुढे कित्येक वर्षं ती जमीन तशीच रिकामी पडून होती. या लढ्यावरची 'द गार्डन' ही डॉक्युमेंटरी ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली. मिळाली तर जरूर बघा. पण तयारीनं बघा, शेवट गोड नाही.

फिन्लींवरही हीच वेळ आली. ते भाड्यानं राहत होते ती जागा, जिथल्या कोरड्या स्विमिंग पुलात आणि सुपरमार्केटच्या टाकून दिलेल्या ट्रॉल्यांमध्ये त्यांनी बाग फुलवली होती, कर्जबुडीच्या लिलावात एका गुंतवणूक कंपनीकडे गेली. २०१७ च्या सुरुवातीला घर सोडायची वेळ आली. या खेपेला मात्र टेडवरचं भाषण होतं, 'कॅन यू डिग धिस' ही २०१५ ची डॉक्युमेंटरी होती, ऑरगॅनिक खाद्यपदार्थांच्या धंद्यातले बडे लोक आणि हॉलिवूडचे चाहते होते. लोकवर्गणीतून सुमारे साडेपाच लाख डॉलर उभे राहिले आणि जागा वाचली.

ही बातमी वाचून आनंद होतो, आणि लगेच एक खडा दाताखाली येतो. एका प्रसिद्ध माणसाची बाग वाचली, साडेतीनशे अनोळखी कुटुंबांची वाचली नाही. फिन्लींचा यात दोष नाही. ते स्वतः शहराच्या मालकीच्या मोकळ्या प्लॉटबद्दल वर्षानुवर्षं बोलत आलेत. लॉस एंजलिस शहराकडे सव्वीस चौरस मैल मोकळी जागा पडून आहे, न्यूयॉर्कच्या वीस सेंट्रल पार्कइतकी, हा हिशेब त्यांनीच भाषणात मांडला होता. पण डिझाइनच्या वर्गात यूजर इंटरव्ह्यूचे तास असतात तसा सातबारा वाचायचा एक तास असायला हवा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. माणसाचं माप नीट घेतलं आणि जमिनीचं घेतलंच नाही, तर अंगरखा कितीही छान बसला तरी घालून जायचं कुठे?

रुळांकडेचा माठ आणि गोदीतली गच्ची

हा प्रश्न मुंबईच्या लोकलमधून रोज कॉलेजला जाणाऱ्यांनी हजारदा बघितला आहे, फक्त त्या नजरेनं नाही. रुळांच्या कडेला लाल माठ, पालक, भेंडी, अळू यांचे हिरवेगार वाफे दिसतात ना? रेल्वेची 'ग्रो मोअर फूड' नावाची योजना आहे. रुळांलगतची मोकळी जमीन तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना भाजीसाठी परवान्यानं द्यायची, म्हणजे पीकही निघतं आणि जागेवर अतिक्रमणही होत नाही. कल्पना झकास. पण त्या भाजीला अनेक ठिकाणी शेजारच्या नाल्याचं पाणी मिळतं, यावर बातम्या झाल्या, तक्रारी झाल्या. जागा होती, कष्ट होते, विकत घेणारे होते. स्वच्छ पाणी कुठून आणायचं याचा विचार मात्र त्या रचनेत कोणी केला नव्हता.

त्याच मुंबईत दुसरं उदाहरण आहे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मुख्य उपाहारगृहाचं. हजारो कामगारांचं जेवण तिथे शिजायचं, आणि रोज भाजीची देठं, फळांची सालं, उरलंसुरलं यांचे ढीग निघायचे. खानपान विभागातल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास हा ओला कचरा वरच्या गच्चीवर न्यायला सुरुवात केली. सुमारे तीन हजार चौरस फुटांच्या त्या गच्चीवर फळझाडं, भाज्या, औषधी वनस्पती उभ्या राहिल्या. त्या डिझायनर नव्हेत. पण कचरा कुठे निर्माण होतो, तो उचलणारे हात कोणाचे, त्यांना दिवसातून किती वेळ मोकळा मिळतो, हे स्वयंपाकघर चालवणाऱ्याला जितकं कळतं तितकं बाहेरून आलेल्या कन्सल्टंटला कळत नाही. बागेचं बरंचसं काम तिथल्या कर्मचाऱ्यांनीच केलं. पुढे त्यातूनच 'अर्बन लीव्ह्ज' हा शहरात भाजी पिकवणाऱ्यांचा गट तयार झाला.

त्यांनी वापरलेली पद्धत कोल्हापूरची. श्रीपाद अच्युत दाभोलकर हे गणिताचे शिक्षक. शेतकऱ्यांनी आपापल्या शेतावर प्रयोग करावेत आणि निष्कर्ष एकमेकांना सांगावेत म्हणून त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. त्यांचं 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक आजही गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या घरात सापडतं. गणिताचा माणूस असल्यामुळे ते पानाच्या क्षेत्रफळावर किती ऊन पडतं याचा हिशेब मांडायचे. त्यांच्या विचारातून पुढे आलेल्या 'अमृत मिट्टी'ची कृती अशी: एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ आणि दहा लिटर पाणी एकत्र करून तीन दिवस ठेवायचं, रोज ढवळायचं. मग ते दहा पट पाण्यात मिसळून त्यात वाळका पालापाचोळा भिजवायचा आणि थोड्या मातीबरोबर त्याचे थर रचायचे. काही महिन्यांत हलकी, काळी, गच्चीवर ओझं न होणारी माती तयार होते. कॉलेजच्या आवारात रोज सकाळी झाडून पेटवून दिला जाणारा पाला आठवा. कच्चा माल तोच.

कॅम्पसवर हे करून बघायचं असेल, आणि एनएसएसच्या तासांत बरेच जण बघतातच, तर अडचणी बियाण्याच्या नसतात. रस्त्यालगतच्या आणि जुन्या रंगाच्या इमारतींजवळच्या मातीत शिसं असू शकतं. आपल्याकडे शिसं घातलेलं पेट्रोल २००० पर्यंत विकलं जात होतं आणि मातीत बसलेलं शिसं सहजी जात नाही. म्हणून तिथे थेट जमिनीत पालेभाजी आणि मुळे-गाजरं लावू नयेत, वाफे उंच करून त्यात नवी माती भरावी. गच्चीवर लावणार असाल तर वॉटरप्रूफिंग बघा, नाहीतर खालच्या लॅबमध्ये पाणी गळेल आणि बाग त्याच आठवड्यात बंद होईल.

खरी गोम कॅलेंडरमध्ये आहे. जूनमध्ये उत्साह उतू जात असतो. लाल माठ महिन्याभरात हाताशी येतो, भेंडी दीड-पावणेदोन महिन्यांत, त्यामुळे पहिल्या सेमिस्टरला सेल्फी भरपूर. नोव्हेंबरात परीक्षा येते, एप्रिलमध्ये पुन्हा येते, मग सुट्टी लागते. हॉस्टेल रिकामं होतं आणि नेमकं तेव्हाच ऊन रणरणतं. बहुतेक कॅम्पस बागा मे महिन्यात मरतात. त्यामुळे पहिलं रोप लावण्याआधी दोन माणसांना गाठा. एक, कॉलेजचे माळीकाका: नळ कुठला, सुट्टीत त्याला पाणी असतं का, आणि या नव्या वाफ्यांना पाणी घालायचं काम त्यांच्या पगारात धरलं आहे का? दुसऱ्या, मेसच्या मावशी: रोज किती कोथिंबीर लागते, कढीपत्ता कुठून येतो, मुलं कुठली भाजी ताटात टाकून जातात? त्यांच्या उत्तरावरून ठरेल की वाफ्यात काय लावायचं. कढीपत्ता आणि शेवगा एकदा रुजले की उन्हाळा बऱ्यापैकी काढतात. अळू सांडपाण्याच्या ओलीवर तगतो, फक्त ते पाणी मोरीचं आहे की नाल्याचं, हे आधी बघून घ्या. आणि कुंपण घालायचं की नाही, हे तिथे पहिल्यांदा कोणी न विचारता मिरच्या तोडून नेईल त्या दिवशी तुमच्या ग्रुपवर भांडून ठरवा.